संकेतस्थळमालकांसाठीचे उपदेशवाङ्मय आणि मराठी शब्दाचे रूप

१

संकेतस्थळ चालविणाऱ्यांस उद्देशून लिहिलेले उपदेशपर लेखन हा गेल्या पाव शतकात रूढ झालेला एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे. शोधयंत्राने दिलेल्या यादीत आपले पृष्ठ वरच्या ओळीत कसे यावे, त्याचा मथळा कसा असावा, मजकुराची मांडणी कोणत्या रीतीने करावी, एवढाच त्याचा विषय. इंग्रजीत हा व्यवसाय ‘एसईओ’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मराठीत त्यास शोधानुकूलन म्हणता येईल. वरवर पाहता हा विषय व्यापाराचा व यंत्राचा दिसतो, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही असेही वाटते. परंतु किराणा दुकानदारापासून विद्यापीठापर्यंत प्रत्येकास ‘अमुक शब्द अमुक ठिकाणी इतक्या वेळा लिहावा’ असे सांगणारे दुसरे वाङ्मय आज नाही. हा उपदेश शब्दाविषयीचा आहे. मग तो शब्दाच्या कोणत्या कल्पनेवर उभा आहे, आणि ती कल्पना मराठीस कितपत लागू पडते, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेत येतो.

या प्रकारात प्रमाण मानावा असा लेख एकच आहे. गूगल कंपनीने संकेतस्थळमालकांसाठी २००८ साली प्रसिद्ध केलेली प्रारंभिक मार्गदर्शिका तो होय. तिचे अनेकदा संस्करण झाले असून २०२४ च्या संस्करणात तिचा विस्तार बराच आटोपता करण्यात आला आहे. उरलेले बहुतेक लेखन हे या मार्गदर्शिकेचे भाष्य, तिचा विपर्यास, अथवा तिच्याही पूर्वीच्या समजुतींचे अवशेष, यांपैकी काहीतरी असते. मराठीत जे उपदेशलेखन होते ते बहुधा या तिसऱ्या वर्गातील इंग्रजी लेखांचे रूपांतर असते. मुख्य दोष तेथेच आहे.

२

हे अवशेष कसे निर्माण झाले ते पाहणे उद्बोधक आहे. १९९५ साली सुरू झालेल्या आल्टाव्हिस्टासारख्या आरंभीच्या शोधयंत्रांस पृष्ठाचा विषय ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे पृष्ठावरील शब्द. शब्द अधिक वेळा आला म्हणजे पृष्ठ त्या विषयाचे, असे स्थूल गणित त्यामागे होते. मालकांनी ते लगेच हेरले. पांढऱ्या पृष्ठभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती त्या काळची. वाचकास काही दिसत नसे. यंत्रास मात्र सर्व दिसत असे. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गे ब्रिन व लॅरी पेज यांनी वेगळे प्रमाण पुढे आणले. एखाद्या पृष्ठाविषयी त्या पृष्ठाने स्वतः काय म्हटले, यापेक्षा इतर पृष्ठांनी दुव्यांच्या द्वारे त्याकडे किती व कोणी बोट दाखविले, यास त्यांनी महत्त्व दिले. त्यानंतर दुव्यांचा बाजार सुरू झाला. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या नावाने पोकळ मजकुराविरुद्ध आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने कृत्रिम दुव्यांविरुद्ध गणितात बदल केले. पृष्ठाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची यादी देण्याची जी पद्धत होती, तिचा क्रमवारीसाठी मुळीच उपयोग केला जात नाही, असे त्या कंपनीने २००९ सालीच जाहीर केले.

असे असूनही ती यादी भरण्याचा उपदेश आजही केला जातो. मजकुरात शोधशब्दाचे प्रमाण शेकडा दोन असावे किंवा तीन असावे, असे आकडे आजही दिले जातात. मजकूर इतक्या शब्दांचा असलाच पाहिजे, असा दंडकही सांगितला जातो. २०२४ च्या मार्गदर्शिकेत ज्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही अशा गोष्टींची एक स्वतंत्र यादीच दिलेली आहे. शोधशब्दांची अदृश्य यादी, शब्दांची अतिरिक्त पुनरुक्ती, लेखाची किमान किंवा कमाल लांबी, उपमथळ्यांची ठरावीक संख्या, हे सर्व तीत आले आहे. तात्पर्य, मूळ ग्रंथाने सोडलेले नियम टीकाकारांनी धरून ठेवले आहेत. कारण नष्ट झाले तरी नियम उरतो, आणि कारण ठाऊक नसलेल्या उपदेशकाच्या तोंडी तो अधिकच ठामपणे येतो. शुद्धलेखनाच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यास हा प्रकार नवा नाही.

३

या वाङ्मयास केवळ भाकड ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्याचा गाभा सारवान आहे. प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र, स्पष्ट व नेमका मथळा असावा; दुव्याच्या शब्दांवरून तो दुवा कोठे नेतो हे कळावे, नुसते ‘येथे पहा’ लिहू नये; चित्राजवळ त्याचे शब्दांत वर्णन द्यावे; पृष्ठाचा पत्ता निरर्थक अंकांऐवजी अर्थपूर्ण शब्दांनी बनवावा; वाचक कोणत्या शब्दांनी शोध घेईल याचा विचार करून तेच शब्द योजावेत; या सूचना कोणाही संपादकास मान्य व्हाव्यात अशा आहेत. किंबहुना ग्रंथास नीट अनुक्रमणिका, शीर्षके व विषयसूची देण्याची जी जुनी शिस्त आहे, तीच येथे नव्या वेषात आली आहे. आपल्याजवळ पहिले स्थान मिळवून देणारे कोणतेही गुपित नाही, हेही ही मार्गदर्शिका आरंभीच मान्य करते. हा प्रामाणिकपणा तिच्या भाष्यकारांत क्वचितच आढळतो.

आलंकारिक स्वस्तुतीविषयीचा उपदेशही असाच साधार आहे. याकोब नीलसेन यांच्या १९९७ च्या पाहणीत शेकडा ७९ वाचक नवे पृष्ठ नुसते चाळतात, तर शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे १६ असतात, असे आढळले. त्याच प्रयोगमालेत जाहिराती भाषा काढून तोच मजकूर निर्विकार शैलीत लिहिला असता त्याची उपयुक्तता २७ टक्क्यांनी वाढली; मजकूर निम्म्याने कमी केला असता ५८ टक्क्यांनी वाढली. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’, ‘विश्वसनीय’ या विशेषणांनी नटलेली मराठी स्वागतपृष्ठे पाहिली म्हणजे हा जुना निष्कर्ष अद्याप आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही, असे म्हणावे लागते.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. शोधशब्द ही कल्पना इंग्रजीत घडली. इंग्रजी नामाची रूपे थोडी: एकवचन, अनेकवचन व षष्ठी. वाचकाने शोधपेटीत जे रूप लिहिले तेच रूप वाक्यातही बहुधा जसेच्या तसे बसते. म्हणून ‘हा शब्द मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात व उपमथळ्यात लिहा’ हा उपदेश त्या भाषेत पाळला, तर वाक्य नीरस होईल, पण मोडणार नाही.

मराठी नामाची प्रकृती निराळी आहे. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामात विकार होतो व त्याचे सामान्यरूप सिद्ध होते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या वाचकास हे सांगावयास नको. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यास भाव पाहावयाचा आहे असे समजावे. तो ‘कापूस भाव’ असे लिहून शोधतो. परंतु मराठी वाक्यात ‘कापसाचा भाव’, ‘कापसाला’, ‘कापसात’ अशी रूपे येतात. ‘कापूस’ हे मूळ रूप प्रथमेपुरते व अप्रत्यय कर्मापुरते उरते. ‘पाऊस’ व ‘पावसात’, ‘देऊळ’ व ‘देवळाचा’, ‘माणूस’ व ‘माणसांना’, ‘फूल’ व ‘फुलांची’, यांतील स्वर बदलले आहेत. केवळ शेपूट कापून मूळ शब्द हाती लागत नाही. उपदेश अक्षरशः पाळावयाचा तर मालकापुढे दोनच मार्ग राहतात: एक तर शब्दाचे अविकृत रूप टिकवून वाक्य मोडणे, नाही तर वाक्य राखून उपदेश सोडणे.

पहिला मार्ग किती जणांनी पत्करला आहे हे सहज दिसते. ‘पुण्यात’ असे म्हणण्याऐवजी ‘पुणे मध्ये’, ‘मुलांसाठी’ ऐवजी ‘मुले साठी’, ‘नाशिकच्या कांद्याचा भाव’ ऐवजी ‘नाशिक कांदा भाव’ अशा रचना लेखांच्या अंतर्भागातही आढळू लागल्या आहेत. ‘कापूस भाव आज पाहण्यासाठी कापूस भाव या पानावरील कापूस भाव यादी पहा’ असे एखादे वाक्य कल्पावे. उपदेशाच्या दृष्टीने ते आदर्श आहे, मराठीच्या दृष्टीने ते वाक्यच नव्हे.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. ‘कापूस बाजारभाव’ ही रचना स्वतः अशुद्ध नाही. विभक्तीचा लोप करून नामे जोडणे ही समासाची जुनी रीत आहे, आणि दुकानाच्या पाटीवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, ग्रंथाच्या नावात ती नित्य दिसते. म्हणून पृष्ठाच्या मथळ्यात ‘कापूस बाजारभाव: जळगाव’ असे लिहिण्यास व्याकरणाचा अडसर नाही. मथळा ही पाटी आहे; मजकूर हे बोलणे आहे. पाटीवरील रचना बोलण्यात आणली म्हणजे भाषा तुटक होते. सबब मराठीपुरता नियम असा सांगता येईल: अविकृत रूप मथळ्यात व उपमथळ्यात एकदा योजावे, आणि वाक्यात शब्दाला त्याचे साहजिक रूप घेऊ द्यावे. या नियमाने शोधही साधतो व वाक्यही शाबूत राहते.

यावर आक्षेप असा येईल की, यंत्रास ‘कापसाचा’ हे ‘कापूस’चे रूप आहे हे समजले नाही तर मालकाचे नुकसान होते. आक्षेप निराधार नाही. मोठ्या शोधयंत्रांत आता शब्दाच्या संदर्भाचा विचार करणाऱ्या पद्धती आल्या आहेत. गूगलने ‘बर्ट’ नावाची अशी पद्धत ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी व त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्तराहून अधिक भाषांसाठी लागू केली, आणि त्या भाषांत मराठीचा समावेश होता. वाचक योजील ती प्रत्येक शब्दच्छटा लेखकाने आधीच हेरली पाहिजे असे नाही, अशी ग्वाही मार्गदर्शिकाही देते. परंतु ही ग्वाही मोठ्या शोधयंत्रापुरती. संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधपेटीत पुष्कळदा केवळ अक्षरांची रांग जुळविली जाते. तेथे ‘देऊळ’ शोधणाऱ्यास ‘देवळाचा इतिहास’ सापडत नाही. मराठीत उपदेश करावयाचा तर प्रथम या उणिवेविषयी करावयास हवा; मूळ इंग्रजी लेखात ती नसल्याने रूपांतरातही ती येत नाही.

५

जी गोष्ट रूपाची तीच लिपीची. इंग्रजी उपदेशकास अक्षर व त्याचा संकेतांक यांत भेद करण्याचे कारण पडत नाही. मराठीत मात्र डोळ्यांस एकच दिसणारा शब्द यंत्राच्या दृष्टीने दोन असू शकतो.

‘आचाऱ्यांना’ हा शब्द घ्यावा. त्यातील अर्ध्या रकारासाठी युनिकोडमध्ये दोन रीती प्रचलित आहेत: खाली बिंदू असलेला ‘ऱ’ व त्यास हलन्त चिन्ह, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह व त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्हींचे दृश्य रूप एकच. संकेतांकांची रांग वेगळी, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही त्या एक होत नाहीत. दुसऱ्या रीतीतील अदृश्य चिन्ह एखाद्या यंत्रणेने गाळले की ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होते, म्हणजे स्वयंपाक्यांचे गुरुजन होतात. तीच कथा ‘ॲ’ या अक्षराची. त्यास स्वतंत्र संकेतांक २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन ते सिद्ध केले जाई, व अजूनही पुष्कळ ठिकाणी केले जाते. दोन्ही रूपे मिश्र वापरणाऱ्या संकेतस्थळावर एकाच शब्दाचे दोन गट पडतात.

शुद्धलेखनाचा इतिहासही शोधाच्या आड येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘गांव’, ‘नाहीं’ अशी रूपे आहेत. असा ग्रंथ यथामूल टंकित करून आंतरजालावर ठेवला आणि सोबत आजच्या लेखनातील शीर्षक, गोषवारा व विषयशब्द दिले नाहीत, तर आजचा विद्यार्थी तो शोधू शकेलच असे नाही. मूळ लेखन बदलू नये हे खरे. परंतु त्याच्या दारावरील पाटी आजच्या अक्षरांत असावी.

सर्वांत गंभीर हानी याहून साधी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन ज्या टंकसंचांतून झाले, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर मराठी दिसे; यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असे. तो मजकूर तसाच आंतरजालावर चढविला असेल तर मराठी शब्दाने तो सापडणे शक्य नाही. केवळ प्रतिमा म्हणून चढविलेल्या पृष्ठांची गत तीच. पीडीएफ धारिकेतील अक्षरे पुष्कळदा संकेतांकांऐवजी आकृतींच्या क्रमाने साठविलेली असतात. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात, आणि उतरवून घेतलेला मजकूर ओळखू येत नाही. शब्दाचे प्रमाण शेकडा दोन की तीन, या चर्चेस येथे अर्थच उरत नाही. यंत्राच्या दृष्टीने तो शब्द तेथे नसतोच.

६

मांडणीविषयक उपदेशाची परीक्षा याच कसोटीवर करता येते. मथळा साठ अक्षरांच्या आत ठेवावा, असे सांगतात. मराठीत अक्षर म्हणजे काय, हे मात्र सांगत नाहीत. ‘स्त्री’ हे वाचकाचे एक अक्षर. यंत्राच्या मोजणीत त्याचे सहा संकेतांक होतात. वस्तुतः यादीत मथळा कोठे कापला जातो हे उपलब्ध रुंदीवर अवलंबून असते, अक्षरसंख्येवर नव्हे. म्हणून महत्त्वाचा शब्द मथळ्याच्या आरंभी आणावा, एवढाच उपदेश घेण्यासारखा आहे. पत्त्याचेही असेच. देवनागरी पत्ता अर्थपूर्ण व सर्वथा ग्राह्य आहे. परंतु तो उतरवून पाठविताना एकेका संकेतांकाची नऊ चिन्हे होऊ शकतात, आणि ‘पुणे’ या छोट्या शब्दाची छत्तीस. सबब असा पत्ता दोनतीन शब्दांतच आटोपता ठेवणे शहाणपणाचे.

मथळ्यातील अक्षरे विरळ ठेवली म्हणजे भारदस्त दिसतात, ही रोमन मोठ्या लिपीची सोय आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते व शब्दाची एकसंधता जाते. वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार, खाली उकार व ऋकार, अशी दुहेरी वाढ असल्याने ओळींतील अंतर रोमनपेक्षा अधिक लागते. जोडाक्षरांमुळे टंकसंचाची धारिकाही जड होते. पृष्ठाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हे गूगलचे माप पाळावयाचे तर एका पृष्ठावर चार निरनिराळे टंक योजण्याची हौस आवरावी लागेल.

पृष्ठाच्या संकेतलेखनात ‘भाषा मराठी’ असे नमूद करावे, या सूचनेचे कारणही बहुधा चुकीचे दिले जाते. पृष्ठाची भाषा ओळखण्यासाठी गूगल त्या नोंदीवर विसंबत नाही. ते दिसणारा मजकूरच पाहते. तरीही ती नोंद अवश्य करावी. अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनास मराठी उच्चार निवडता येतो तो तिच्यामुळे, आणि ज्या टंकसंचांत सोय आहे तेथे ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांऐवजी उमटतात तीही तिच्यामुळेच. नियम योग्य, हेतू मात्र वाचक; यंत्राची मर्जी नव्हे.

७

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. शोधानुकूलनाच्या उपदेशवाङ्मयात दोन थर आहेत. वाचकास काय हवे ते ओळखून स्पष्ट नाव द्यावे व मजकूर सुसूत्र लावावा, हा पहिला थर भाषानिरपेक्ष असून सर्वत्र ग्राह्य आहे. शब्द मोजावे व ते अविकृत रूपात पुनःपुन्हा पेरावे, हा दुसरा थर इंग्रजीतही कालबाह्य झाला आहे. मराठीत तो व्याकरणालाच बाधक आहे. रूपांतरकारांनी दुसरा थर उचलला, आणि मराठीस ज्या तिसऱ्या थराची गरज होती, म्हणजे सामान्यरूप, संकेतांक, जुने लेखन व लिपीची मांडणी यांविषयीचे मार्गदर्शन, तो कोणीच लिहिला नाही.

हे काम विपणनाचा व्यवसाय करणाऱ्यांकडून होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सामान्यरूपाचे नियम, लेखनभेदांची सूची, ‘ऱ्य’ व ‘ॲ’ यांच्या एकरूप संकेतनाचा दंडक, ही सामग्री भाषाविभागांजवळ आहे. प्रारंभही घरापासूनच करता येईल. विभागाच्या पत्रिका व प्रबंध युनिकोडमध्ये आहेत काय, त्यांचे गोषवारे निवडता येणाऱ्या अक्षरांत आहेत काय, त्यांची शीर्षके विषय सांगतात काय, हे तपासण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. प्रबंधातील एखादे वाक्य उतरवून विभागाच्या शोधपेटीत टाकावे. तो प्रबंध समोर आला नाही, तर वर्षानुवर्षांच्या श्रमाने लिहिलेले ते पान पुढच्या विद्यार्थ्यापुरते लिहिलेच गेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.